कोवळे खांदे आणि लांब मुदतीचे करार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा मराठ्यांचा इतिहास यांपैकी एखादा विषय निवडावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. कार्यकारिणीने मला विषयाचे स्वातंत्र्य दिले आणि मी ते वापरून क्रिकेटमधील करारांचा विषय निवडला, याबद्दल काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. तेव्हा आधी त्याचे कारण सांगतो.

गेल्या पूजेच्या सुट्टीत आपल्याच एका सभासदाने मला घरी बोलावले. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा, अंगाने उंच आणि सडसडीत. मैदानावर तो चांगला वेगाने चेंडू टाकतो. एका खासगी क्रीडासंस्थेने त्याला पाच वर्षांचा करार देऊ केला होता. वडील म्हणाले, "दादा, तुमची हयात सरकारी कागद वाचण्यात गेली. एवढा कागद वाचा आणि सही करू की नको, ते सांगा." कागद अकरा पानांचा होता. मुलाने काय करावे आणि काय करू नये, याविषयी त्यात जवळजवळ अकरा पाने होती. मुलगा जायबंदी झाल्यास काय, याविषयी दोन ओळी होत्या. मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो म्हणालो. आजचे भाषण हा तोच विचार आहे.

प्रश्न असा की, कोवळ्या वयाच्या द्रुतगती गोलंदाजाशी लांब मुदतीचा करार करावा काय? त्यातील जोखीम पत्करण्याजोगी आहे काय? आणि मुख्य म्हणजे, ही जोखीम नेमकी कोणाची?

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. द्रुतगती गोलंदाज धावत येऊन पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्या एका पायातून कमरेकडे जातो. त्याच क्षणी पाठ मागे व बाजूला वाकलेली आणि पिळलेली असते. दिवसाकाठी शे-सव्वाशे वेळा हेच घडते. कमरेच्या मणक्यांचे हाड पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्के होत असते. तोपर्यंत वारंवार ताण पडला, तर त्या हाडाला बारीक चीर जाते. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. उजव्या हाताच्या गोलंदाजाला ती बहुधा डावीकडे जाते. ती भरून येण्यास महिने लागतात, आणि घाई केली तर पुन्हा उलते.

वेग मात्र सतराव्या-अठराव्या वर्षीच दिसू लागतो. गुणग्राहकाची नजर जाते ती त्या वेगावर, आणि किंमत ठरते तीही त्याच वयात. हाड पक्के होण्यास अजून सहा-सात वर्षे असतात. या विषयातील सर्व गुंतागुंत त्या सहा-सात वर्षांत आहे.

जुन्या काळी करार नव्हते, पण ही सहा-सात वर्षे होतीच. आपल्या मुंबईचे रमाकांत देसाई आठवा. १९५९ सालच्या फेब्रुवारीत दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले, तेव्हा त्यांचे वय होते एकोणीस. चण इतकी लहान की, लोक त्यांना लाडाने 'टायनी' म्हणत. त्या एका डावात त्यांनी ४९ षटके टाकली आणि १६९ धावांत ४ बळी घेतले. समोरच्या संघाने ६४४ धावांचा डोंगर रचला होता. या मुलाला टाकतच ठेवले. पुढे १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत त्यांनी २१ बळी घेतले. २८ कसोटींत ७४ बळी मिळवून १९६८ मध्ये ते शेवटची कसोटी खेळले, तेव्हा त्यांना तिसावे वर्षही लागले नव्हते. त्या ४९ षटकांमुळेच असे झाले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलाला एका डावात ४९ षटके देताना, हा मुलगा आपल्याला आणखी दहा वर्षे हवा आहे, असा विचार करणारे त्या मैदानावर कोणी नव्हते, एवढे नक्की.

आता आपल्या कोलकात्याच्या घरचेच उदाहरण घेऊ. २०१८ च्या जानेवारीत आयपीएलचा लिलाव झाला. न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक त्या वेळी चालू होता आणि आपली दोन मुले तेथे ताशी १४५ किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू टाकीत होती. कोलकाता नाइट रायडर्सने त्या दोघांनाही घेतले; कमलेश नागरकोटीला ३ कोटी २० लाखांना आणि शिवम मावीला ३ कोटींना. नागरकोटीचे वय अठरा, मावीचे एकोणीस. ईडनच्या आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर तेव्हा दुसरा विषय नव्हता.

पुढे काय घडले? नागरकोटी २०१८ चा हंगाम दुखापतीमुळे खेळूच शकला नाही. २०१९ चा हंगामही पाठीच्या दुखण्याने गेला. मावी २०१८ मध्ये खेळला आणि २०१९ मध्ये त्याचीही पाठ गेली. संघाने मात्र दोघांनाही सोडले नाही, आपल्याकडेच ठेवून बरे होऊ दिले. अखेर २०२० च्या हंगामात, दुबईत, राजस्थानविरुद्धच्या एका सामन्यात दोघे एकत्र उतरले. मावीने २० धावांत २ बळी घेऊन सामनावीराचा मान मिळवला, नागरकोटीने दोन षटकांत १३ धावा देऊन २ बळी घेतले. अडीच वर्षे थांबल्याचे सार्थक झाले, असे त्या रात्री अनेकांना वाटले असेल.

परंतु आयपीएलच्या व्यवस्थेत दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि बहुतेक सगळे खेळाडू पुन्हा बाजारात येतात. २०२२ मध्ये नागरकोटी १ कोटी १० लाखांना दिल्लीकडे गेला. मावीला कोलकात्याने सव्वासात कोटी देऊन परत घेतले, पण वर्षभरात तोही गुजरातकडे गेला. २०२३ च्या जानेवारीत वानखेडेवर भारताकडून पहिलाच टी-ट्वेंटी सामना खेळताना त्याने २२ धावांत ४ बळी घेतले. त्यानंतर लखनौने त्याला ६ कोटी ४० लाखांना घेतले आणि २०२४ चा हंगाम दुखापतीने पुन्हा बुडाला.

या कथेला आणखी एक धागा आहे. २०१८ मध्ये नागरकोटीच्या जागी कोलकात्याने जो बदली खेळाडू घेतला, तो प्रसिद्ध कृष्णा. वय बावीस. चार हंगाम तो येथे घडला. २०२२ मध्ये राजस्थानने त्याला १० कोटींना नेले. त्याच्याही पाठीने दगा दिला आणि २०२३ चा हंगाम वाया गेला. पुढे २०२५ मध्ये गुजरातकडून २५ बळी घेऊन तो त्या हंगामातील सर्वाधिक बळींचा मानकरी ठरला. त्या वेळी तो एकोणतीस वर्षांचा होता. रोप कोलकात्याने लावले, राजस्थानने दुखण्यात सांभाळले आणि फळ गुजरातच्या पदरात पडले.

येथे अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. ज्याला झाड तीन वर्षांनी सोडून द्यायचे आहे, तो त्याच्या मुळांना पाणी घालील की पहिल्याच मोसमात ओरबाडील? कोलकात्याच्या संघाने पाणी घातले, हा त्याचा चांगुलपणा. पण व्यवस्था चांगुलपणावर चालत नाही, हे सरकारी खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी सांगायला नको.

हाच प्रश्न अमेरिकेत फार जुना आहे. तेथे क्रिकेटच्या जागी बेसबॉल आहे आणि गोलंदाजाच्या जागी 'पिचर'. त्याची कंबर बचावते, पण कोपर जाते. कोपरातील एक स्नायुबंध चेंडू फेकून फेकून तुटतो. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या हातावर प्रथमच अशी शस्त्रक्रिया केली की, शरीरातील दुसरीकडची शिर काढून त्या ठिकाणी बसवली. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या ओळखीची दोन नावेही या खेळात आहेत. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही भालाफेक करणारे. २००८ मध्ये वेगाने चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून ते निवडले गेले आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारबद्ध केले. दिनेश दोन वर्षांत परतला. रिंकू आणखी काही वर्षे खालच्या श्रेणींत टिकला, पण कोपराने साथ सोडली. पुढे तो कुस्तीच्या तमाशात गेला.

परंतु मला आपणांपुढे ठेवायचे उदाहरण स्टीफन स्ट्रासबर्ग याचे आहे. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने त्याला सर्वांत आधी निवडले. २०१० मध्ये त्याच्या कोपरावर तीच शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये तो पुन्हा भरात आला, संघ अव्वल स्थानी होता आणि अजिंक्यपदाचे सामने तोंडावर होते. नेमक्या त्या वेळी संघाने त्याला थांबवले. ठरवून दिलेला वर्षाचा कोटा पुरा झाला, आता यंदा हात नाही उचलायचा. देशभर टीका झाली. तो नसताना संघ हरला. पण तेथील नियमाने उगवता खेळाडू पहिली सुमारे सहा वर्षे एकाच संघाकडे राहतो, म्हणून उद्याचा विचार करणे त्या संघाला परवडत होते. २०१९ मध्ये तोच संघ अजिंक्य ठरला आणि अंतिम लढतीचा सर्वोत्तम खेळाडू होता स्ट्रासबर्ग.

येथेच गोष्ट संपवली असती तर ती फार गोड झाली असती. पण प्रामाणिकपणे उरलेलेही सांगितले पाहिजे. त्या विजयानंतर एकतिसाव्या वर्षी त्याच संघाने त्याच्याशी सात वर्षांचा, साडेचोवीस कोटी डॉलरांचा करार केला. त्यानंतर तो फक्त आठ सामन्यांत चेंडू टाकू शकला. तेथील रिवाजाप्रमाणे कराराची रक्कम हमीची असते, त्यामुळे भुर्दंड संघाला बसला. म्हणजे लांब करार हा काही तोडगा नव्हे. पहिल्या वेळी लांब मुदतीने संघाला थांबण्याचे बळ दिले. दुसऱ्या वेळी झालेल्या पराक्रमाची किंमत चुकती केली गेली, पण शरीराची शिल्लक संपली होती.

आपल्या खेळातही थांबण्याचे उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स २०११ च्या नोव्हेंबरात, अठराव्या वर्षी, जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला आणि एका डावात ६ बळी घेऊन सामनावीर ठरला. त्याची दुसरी कसोटी कधी? २०१७ च्या मार्चमध्ये, आपल्या शेजारच्या रांचीला. मधली पाच वर्षे पाठीच्या चिरा, विश्रांती आणि थोडेथोडे छोटे सामने यांत गेली. तो विसाव्या वर्षी संपला असे म्हणणारे कमी नव्हते. २०२३ च्या नोव्हेंबरात ईडनवर विश्वचषकाचा उपान्त्य सामना जिंकताना हाच कमिन्स कर्णधार म्हणून मैदानात होता.

आपल्या मंडळानेही या दिशेने पाऊल टाकले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने नेहमीच्या श्रेणींबाहेर, खास द्रुतगती गोलंदाजांसाठी वेगळे करार जाहीर केले. पाच नावांत आपल्या बंगालकडून खेळणारा आकाश दीप होता आणि जम्मूचा उमरान मलिकही होता. कल्पना स्तुत्य आहे, पण मुदत वर्षाचीच. वर्षाच्या कराराने वर्षापुरते पाहिले जाते. याच उमरानला पुढे कोलकात्याच्या संघाने घेतले, पण २०२५ चा हंगाम तो दुखापतीने खेळू शकला नाही.

तर मग जोखीम कोणाची? संघ बुडाला तर त्याचे तीन कोटी जातात, आणि तो दुसरा गोलंदाज घेतो. मुलाची पाठ एकच असते. शिवाय ज्या वर्षांत इतर मुले पदवी घेतात, हातात काहीतरी विद्या कमावतात, ती वर्षे त्याने नेटमध्ये घालवलेली असतात. कोटींत विकली गेलेली नावे आपण वाचतो. पहिल्याच चिरेत संपलेल्यांची नावे कोणी छापत नाही.

याविषयी माझा स्वतःचा एक अनुभव सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. तो सांगताना मला आनंद होत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, मी एका कार्यालयात कनिष्ठ अधिकारी होतो. खेळाडूंच्या राखीव जागांतून एक एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्याकडे लागला. कार्यालयाच्या संघाची व्यवस्था माझ्याकडे होती. आंतरखाते स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो मुलगा दुपारी माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, कंबर धरली आहे." मी म्हणालो, "आणखी दोनच षटके टाक." त्याने पाच टाकली. साहेबाला नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. आम्ही करंडक जिंकलो. तो मुलगा पुन्हा कधी वेगाने चेंडू टाकू शकला नाही.

पण त्याची नोकरी राहिली. त्याने खात्याच्या परीक्षा दिल्या, बढत्या मिळवल्या, घर बांधले, मुलांना शिकवले. आजही दिवाळीला त्याचा फोन येतो. त्याने मला एका शब्दानेही कधी दोष दिला नाही. त्याच्या आयुष्याकडे पाहताना मला दोन गोष्टी दिसतात. सरकारी नोकरी हा लांब मुदतीचाच करार होता, आणि गोलंदाजी संपल्यावरही तो संपला नाही, म्हणून ते घर उभे राहिले. परंतु त्या करारात, "या मुलाला थांबवा" असे मला सांगणारे कोणतेही कलम नव्हते, आणि माझी बुद्धीही मला तसे सांगत नव्हती.

याच्या उलट बाजूला चकदाहाची झूलन गोस्वामी उभी आहे. १९९७ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ईडनवर सीमारेषेबाहेर चेंडू अडवणारी मुलगी, पहाटेच्या लोकलने सरावासाठी कोलकात्याला येणारी. २००२ ते २०२२ अशी वीस वर्षे ती भारतासाठी द्रुतगती गोलंदाजी करीत राहिली आणि एकदिवसीय सामन्यांत तिने २५५ बळी घेतले. त्या काळी महिलांच्या खेळात कोटींचे करार नव्हते. एअर इंडियाची नोकरी मात्र होती. तिच्या थोरवीचे श्रेय नोकरीला देणे हा वेडेपणा ठरेल. पण महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या घरात, दुखऱ्या पाठीला विश्रांती देण्याचे धैर्य अधिक असते, हे आपण सगळे नोकरदार जाणतो.

आता मी त्या सभासदांना काय सांगितले, ते सांगतो. मी म्हणालो, लांब करार वाईट नाही, उलट आखूड करारापेक्षा तो बरा. आखूड करारात धन्याला आज चेंडू हवा असतो. लांब करारात, तो नीट लिहिला असेल तर, धन्याला हा मुलगा पंचविसाव्या वर्षीही धडधाकट हवा असतो. पण पाच वर्षांचा करार म्हणजे पाच वर्षे चेंडू टाकून घेण्याचा परवाना असेल, तर त्यावर सही करू नका. करार मुलाला थांबवू शकेल, तरच त्याची मुदत कामाची.

म्हणून चार गोष्टी कागदावर मागा. एक, आठवड्याला आणि वर्षाला किती चेंडू टाकायचे, याचा आकडा. त्यात शाळा-कॉलेजचे, क्लबाचे आणि नेटमधले सगळे चेंडू मोजलेले असावेत. अमेरिकेत २०१४ पासून वयोगटानुसार असे आकडे जाहीर केलेले आहेत; सतरा-अठराच्या मुलाने दिवसाला १०५ पेक्षा अधिक चेंडू फेकू नयेत, तेरा-चौदाच्याने ९५ पेक्षा अधिक नाहीत. आपला खेळ निराळा, आकडा निराळा असेल, पण आकडा हवा. दोन, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च आणि ठरलेली रक्कम चालू राहील, आणि मुलगा खेळण्यास योग्य आहे की नाही, हे संस्थेच्या पगारी डॉक्टरांनी एकट्याने ठरवायचे नाही. तीन, कॉलेजच्या परीक्षांसाठी रजा. चार, काही वर्षांनी मुलाला बाहेर पडायचे असेल, तर त्याची वाट मोकळी असावी. नाहीतर ती वेठबिगारी होईल.

वडील थोडे नाराज झाले. एवढे मागितले तर संस्था दुसरा मुलगा शोधील, असे त्यांना वाटले. मी म्हणालो, तसे झाले तर ती संस्था तुमच्या मुलाला शोधीतच नव्हती, ती एक वेग शोधीत होती. मुलाची आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "कॉलेजची तिसरी अट पहिली लिहा." आम्ही ती पहिली लिहिली. संस्थेने तीन अटी मान्य केल्या, डॉक्टरांच्या अटीवर बोलणी अजून चालू आहेत. सही झालेली नाही. मुलगा रोज पहाटे मैदानावर जातो. किती चेंडू टाकले, ते आई वहीत लिहून ठेवते. तसा आकडा मांडणारे माणूस त्या दुपारी माझ्या संघाजवळ असते, तर आज दिवाळीचा तो फोन मला थोड्या हलक्या मनाने घेता आला असता.

बंधुभगिनींनो, घरापासून इतक्या दूर येऊन आपण मुले वाढवली. त्यांच्यापैकी कोणी गाईल, कोणी धावेल, कोणी चेंडू टाकील. त्यांच्या गुणांना गिऱ्हाईक मिळाले तर आनंद माना, पण कागदावर सही करण्याआधी एवढेच विचारा की, या मुलाच्या हातून काही होईनासे झाले, त्या दिवशी हा कागद त्याच्या उपयोगी पडेल काय?